खटखट नेमकी कुठून येते?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज ज्या आवाजाविषयी मी बोलणार आहे, तो आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात आहे. संगणकाच्या कीबोर्डची खटखट. दिवसा ती कुणाच्या ध्यानातही येत नाही. रस्त्यावरची वाहने, कुकरच्या शिट्ट्या, शेजारचा टीव्ही यांत ती बुडून जाते. रात्री अकरानंतर मात्र तीच खटखट भिंतीपलीकडेही ऐकू जाते. २०२० च्या टाळेबंदीपासून घरून काम करणारे वाढले. ज्या खोलीत आजी झोपते, बाळ झोपते, त्याच खोलीच्या कोपऱ्यात कुणीतरी टाइप करत बसलेले असते, हे दृश्य आपल्या दोन खोल्यांच्या घरांतून आता नवे राहिलेले नाही. काम करणाऱ्याला काम थांबवता येत नाही आणि झोपणाऱ्याला दुसरी खोली नाही. मग कुरबुरी सुरू होतात.

मी इंजिनीअर नाही. मराठी मजकूर टाइप करणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग. दिवसाचे सात-आठ तास बोटे कीबोर्डवर असतात, त्यामुळे तो उघडून बघण्याची सवय लागली. पुढे ओळखीपाळखीचे लोकही आपापले कीबोर्ड घेऊन येऊ लागले. या उद्योगातून जे कळले ते थोडक्यात असे, की खटखट हा एक आवाज नाही. ती चार-पाच वेगवेगळ्या आवाजांची मिसळ आहे. प्रत्येकाची जागा वेगळी, कारण वेगळे आणि उपायही वेगळा. आवाज कुठून येतो हे आधी शोधले, तर निम्म्याहून अधिक काम थोड्या पैशांत होते. न शोधता खर्च केला, तर पुष्कळदा पैसे जातात आणि खटखट राहते.

कीबोर्डचे ढोबळमानाने दोन प्रकार. कचेऱ्यांतून, बँकांतून आपण बहुधा पाहतो तो रबराचा. त्यात सगळ्या बटणांखाली रबराची एक अखंड चादर असते आणि तिच्यावर छोटे छोटे घुमट. बटण दाबले की घुमट बसतो, खालच्या दोन पातळ प्लास्टिक पडद्यांवरचे वाहक ठसे एकमेकांना टेकतात आणि अक्षर उमटते. हा कीबोर्ड स्वस्त असतो आणि बऱ्यापैकी शांतही. पण अक्षर उमटायला बटण जवळजवळ तळापर्यंत न्यावे लागते आणि काही वर्षांनी रबर थकते. नुसती शांतताच हवी असेल, तर असा एखादा चांगला कीबोर्ड घ्यावा आणि माझे भाषण इथेच सोडून द्यावे.

दुसरा प्रकार मेकॅनिकल कीबोर्डचा. त्यात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो. एक बिघडला तर तेवढाच बदलता येतो. बोटाला त्याचा स्पर्श नेमका वाटतो, म्हणून दिवसभर लिहिणारे आणि संगणकावर खेळ खेळणारी मुले तो पसंत करतात. खटखटीची तक्रार असते ती बहुधा याच्याविषयी.

स्विचच्या पोटात

जगात सर्वाधिक नक्कल झालेला स्विच म्हणजे चेरी या कंपनीचा एमएक्स. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात जर्मनीत तो तयार झाला. २०१४ च्या सुमारास त्याच्या पेटंटची मुदत संपल्यावर गेटरॉन, कैल अशा चिनी कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच मोठ्या प्रमाणावर बाजारात आणले. त्यामुळे आज आपल्या टेबलावर असलेला मेकॅनिकल कीबोर्ड कोणत्याही नावाचा असो, आतली रचना बहुधा याच घराण्यातली असते.

हा स्विच म्हणजे एक छोटी प्लास्टिकची डबी. तिला तळ आणि झाकण. आत वरखाली सरकणारा एक दट्ट्या, सायकलच्या पंपात असतो तसा. दट्ट्याच्या खाली त्याला वर ढकलणारी स्प्रिंग. बाजूला धातूच्या दोन लवचिक पट्ट्या. दट्ट्याला दोन पाय असतात आणि ते या पट्ट्यांना एकमेकींपासून दूर धरून ठेवतात. दट्ट्या खाली गेला की पाय बाजूला होतात, पट्ट्या टेकतात, अक्षर उमटते. दट्ट्याचा एकूण प्रवास ४ मिलिमीटर. अक्षर उमटते ते साधारण २ मिलिमीटरवर, म्हणजे निम्म्या वाटेत. पुढचे २ मिलिमीटर आपण केवळ जोरात असतो म्हणून खाली जातो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

स्विचच्या तीन जाती असतात आणि त्या दट्ट्याच्या रंगावरून ओळखण्याची रीत आहे. चेरीचा लाल स्विच सरळ खाली जातो, वाटेत कुठेही अडखळत नाही. तपकिरी स्विचमध्ये दट्ट्याच्या पायावर एक छोटा उंचवटा असतो. तो पट्टीवरून घसरताना बोटाला किंचित अडथळा जाणवतो. निळ्या स्विचमध्ये उंचवटा तर असतोच, शिवाय दट्ट्यावर एक सुटी पांढरी सरकती कडी असते. ती झटक्याने खाली आपटते आणि टिक असा स्पष्ट आवाज करते. हा टिक मुद्दाम घडवलेला आहे.

मुद्दाम का? कारण टाइपरायटरवर शिकलेल्या बोटांना अक्षर उमटल्याची खूण हवी होती. टायपिंगच्या क्लासवरून ज्यांचे येणेजाणे होते त्यांना तो खडखडाट आठवत असेल. अक्षराचा दांडा कागदावर आदळला की कानाला कळत असे. आयबीएमने १९८१ मध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला तेव्हा त्याच्या कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली अशी स्प्रिंग होती, की ती दाबाखाली मध्येच वाकून खुणेचा आवाज करी. १९८५ पासून निघालेला त्यांचा मॉडेल एम हा कीबोर्ड तर या आवाजासाठीच प्रसिद्ध झाला.

आवाज नको असणारेही तितकेच जुने आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत ‘नॉइजलेस’ या नावाचे टाइपरायटर विकले जात. त्यांत अक्षराचा दांडा कागदावर फेकला जात नसे, तर शेवटच्या टप्प्यात तो कागदावर दाबला जाई. १९९० मध्ये ॲपलने आपल्या एक्स्टेंडेड कीबोर्डची दुसरी आवृत्ती काढली, तिच्यातल्या आल्प्स या जपानी कंपनीच्या स्विचमध्ये दट्ट्याला रबराचे बारीक तुकडे बसवलेले होते. मॉडेल एम वापरणाऱ्या हौशी लोकांनी तर स्प्रिंगचा टणत्कार मारण्यासाठी तिच्या पोटात दात साफ करायचा दोरा घालून पाहिला, आणि तो उपाय चालला.

पाच जागा

आता आपल्या खटखटीकडे वळू. तिच्या मुख्य जागा पाच.

पहिली जागा टिक करणारी कडी. ती फक्त निळ्या जातीच्या स्विचमध्ये असते.

दुसरी जागा तळ. दट्ट्या प्रवास संपवून डबीच्या तळावर आदळतो, तो ठक.

तिसरी जागा झाकण. बोट उचलल्यावर स्प्रिंग दट्ट्याला वर फेकते आणि तो झाकणाला आतून धडकतो. हा आवाज आपल्या हिशेबात नसतो, कारण तेव्हा आपले बोट पुढच्या अक्षरावर गेलेले असते. पण प्रत्येक अक्षरामागे ठोका एक नसून दोन असतात, एक जाताना आणि एक येताना.

चौथी जागा स्प्रिंग. कान जवळ नेला तर बटण सोडल्यावर बारीक टण् असा कंप ऐकू येतो. त्याच्याच जोडीला प्लास्टिकवर प्लास्टिक घासल्याची खरखर असते. ती कानापेक्षा बोटाला जास्त कळते.

पाचवी जागा लांब बटणे. स्पेसबार, एंटर, बॅकस्पेस आणि दोन्ही बाजूंची शिफ्ट ही बटणे इतकी लांब असतात की एका टोकाला दाबली तर दुसरे टोक वर राहील. तसे होऊ नये म्हणून त्यांच्याखाली वाकवलेली पोलादी तार असते. तिला स्टॅबिलायझर म्हणतात. तारेची टोके प्लास्टिकच्या खोबणीत सैल बसलेली असतात आणि प्रत्येक दाबाबरोबर खुळखुळतात.

मराठी टाइप करणाऱ्यांना ही पाचवी जागा जास्त छळते. इनस्क्रिप्ट या प्रमाणित कळफलकावर क साधा उमटतो, पण ख साठी शिफ्ट लागते. ग साधा, घ ला शिफ्ट. त साधा, थ ला शिफ्ट. ब साधा, भ ला शिफ्ट. म्हणजे नुसता ‘खडखड’ हा शब्द लिहायचा तरी शिफ्ट दोनदा दाबावी लागते. शिवाय प्रत्येक शब्दानंतर स्पेसबार आहेच. मराठी मजकुरात लांब बटणांची पाळी सतत येते आणि एकूण खटखटीतला त्यांचा वाटा मोठा होतो.

या पाचांशिवाय दोन गोष्टी आवाज वाढवतात. कीबोर्डचा पोकळ डबा आणि त्याखालचे टेबल. दोन्ही ढोलक्याच्या पोकळ खोडासारखे काम करतात.

आधी तपासणी

कोणत्या जागेचा दोष किती, हे पाहायला अवजार लागत नाही. रात्री घर शांत झाल्यावर एक साधे बटण अगदी सावकाश दाबा. मध्येच टिक झाले तर स्विच निळ्या जातीचा आहे. सावकाश दाबल्यावर काहीच ऐकू आले नाही, पण नेहमीच्या वेगाने दाबल्यावर ठक झाले, तर दोष तळाचा. आता बटण दाबून धरा आणि बोट पटकन बाजूला घ्या. जो आवाज येईल तो झाकणाचा आणि स्प्रिंगचा. मग स्पेसबारच्या दोन्ही टोकांवर बोटाने हलके टकटक करा. खुळखुळ झाली तर तारेची. शेवटी कीबोर्डखाली चार घड्या घातलेला पंचा ठेवा आणि दोन ओळी टाइप करा. आवाज एकदम उतरला, तर अर्धा गुन्हेगार टेबल आहे.

आमच्या इमारतीतली एक मुलगी परदेशातल्या एका कंपनीचे काम रात्री घरूनच करते. खोली एकच, पलंगावर तिची आजी. ती कीबोर्ड घेऊन आली आणि म्हणाली, “काका, आजी तोंडाने काही बोलत नाही. पण मी टाइप करायला लागले की ती कूस बदलते.” नवा, महागडा, आवाज न करणारा कीबोर्ड घ्यायचा तिच्या मनात होते. आम्ही वर सांगितली तशी तपासणी केली. स्विच सरळ जातीचे होते, फारसे वाईट नव्हते. पंच्याने आवाज बराच खाली आला आणि स्पेसबार, एंटर ही दोन बटणे भांड्यांसारखी वाजत होती. खाली जाड रबरी चटई आणि पाच लांब बटणांच्या तारांना ग्रीस एवढेच केले. एका संध्याकाळचे काम. आठवडाभराने तिला विचारले, तर म्हणाली, “आता आजी सकाळी विचारते, काल कामाला सुट्टी होती का?”

उपाय, सोप्यापासून अवघडाकडे

सगळ्यात सोपा उपाय चटई. कीबोर्ड आणि टेबल यांच्यामध्ये जाड कापडी किंवा रबरी चटई टाकली की ठोके टेबलात उतरत नाहीत.

दुसरा उपाय तारांचा. लांब बटण वर ओढून काढले की तार दिसते. ती सोडवून काचेवर सपाट ठेवून पाहावी. चारही बाजूंनी टेकत नसेल तर ती वाकडी आहे, चिमट्याने हलकेच सरळ करावी. मग तिच्या टोकांना घट्ट सिलिकॉन ग्रीस भरून परत बसवावी. ज्यांना कीबोर्ड पूर्ण उघडता येतो, ते सर्किटच्या पाटीवर तारेचे पाय जिथे आपटतात तिथे जखमेवर लावायच्या चिकटपट्टीचा छोटा तुकडाही लावतात. तेवढ्याने ठोका मऊ होतो.

तिसरा उपाय रबरी कड्यांचा. बटणाची टोपी काढून तिच्या आतल्या खुंटीवर छोटी रबरी कडी घालायची. नळाच्या वायसरचीच धाकटी बहीण. टोपी खाली येते तेव्हा ही कडी डबीच्या झाकणावर टेकते आणि तळाचा ठोका टळतो. मात्र काही टोप्यांचा आकार असा असतो की कडी कुठेच टेकत नाही. म्हणून आधी दोन-तीन बटणांवर घालून बघावे, मगच शंभर घ्याव्यात. शिवाय ही कडी जातानाचा ठोका थांबवते, येतानाचा नाही.

इथे थोडे भौतिकशास्त्र. क्रिकेटचा चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो. चेंडू तोच, वेग तोच, पण थांबायला त्याला थोडा जास्त वेळ मिळतो, म्हणून हाताला झिणझिण्या येत नाहीत. प्लास्टिकवर प्लास्टिक आदळते तेव्हा दट्ट्या क्षणार्धात थांबतो. त्यातून तीक्ष्ण, उंच पट्टीचा आवाज निघतो आणि तोच हिसका बोटाच्या पेरापर्यंत जातो. मध्ये रबर आले की थांबणे किंचित लांबते. हिसका कमी होतो आणि आवाजही बोदा होतो. म्हणजे शांत कीबोर्ड आणि मऊ कीबोर्ड असे दोन वेगळे शोध घ्यावे लागत नाहीत. ठोक्याच्या बाबतीत दोन्ही एकाच उपायाने साधतात.

चौथा उपाय वंगणाचा, आणि त्याला चिकाटी लागते. स्विच कीबोर्डमधून काढायचा, डबीची चार कुलपे उघडायची, आणि दट्ट्याच्या सरकण्याच्या बाजूंना, डबीच्या आतल्या खाचांना बारीक ब्रशाने ग्रीसचा अगदी पातळ हात द्यायचा. इतका पातळ की चमक दिसावी, थर दिसू नये. सरळ जातीच्या स्विचमध्ये दट्ट्याच्या पायांनाही हलका हात चालतो. उंचवट्याच्या जातीत मात्र पाय कोरडेच ठेवायचे, कारण उंचवटा तिथेच असतो आणि ग्रीसने तो पुसला जातो. धातूच्या पट्ट्या जिथे टेकतात तिथे वंगण जाऊ देऊ नये. स्प्रिंगांसाठी एक सोपी युक्ती आहे. सगळ्या स्प्रिंगा झिपच्या पिशवीत घालायच्या, पातळ तेलाचे काही थेंब टाकायचे आणि पिशवी हलवायची, दाण्यांना मीठ लावतो तशी.

कोणते वंगण, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. जाणकार लोक क्रायटॉक्स २०५ हे फ्लोरिनयुक्त ग्रीस वापरतात. मूळ ड्यूपॉन्टचे, आता केमर्स या कंपनीचे. ते वाळत नाही, प्लास्टिकला खात नाही. काम झाल्यावर हात स्वच्छ धुवावेत, आणि ग्रीस लागलेल्या बोटांनी सिगारेट तर मुळीच ओढू नये, कारण जळल्यावर त्याचा धूर विषारी होतो. ते महाग वाटते म्हणून घरातले तेल वापरायचा मोह होतो. पण खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली थिजते, म्हणजे पुण्या-नाशिकच्या थंडीत बटणे जड व्हायची, शिवाय ते खवट होते आणि धूळ धरते. शिलाई मशीनचे तेल फार पातळ, ते ओघळून पट्ट्यांवर जाते. गंज सोडवायचे फवारे बिजागरीला ठीक आहेत, इथे नकोत. स्विचच्या पारदर्शक डब्या बहुधा पॉलिकार्बोनेटच्या असतात आणि काही द्रावकांनी त्यांना तडे जातात.

वेळेचा हिशेब आधीच करावा. पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर १०४ बटणे. एका स्विचला तीन मिनिटे धरली तरी पाच तासांहून अधिक काम झाले, आणि सुरुवातीला तीन मिनिटांत होत नाही. शिवाय स्विच बाहेर कसे काढायचे हा प्रश्न आहेच. काही कीबोर्डमध्ये स्विच खाचेत नुसते खोचलेले असतात, ते चिमट्याने ओढले की निघतात. पण पुष्कळ कीबोर्डमध्ये ते डाख देऊन पक्के केलेले असतात. प्रत्येक स्विचचे दोन पाय, म्हणजे २०८ डाख सोडवायचे आणि परत लावायचे. हात बसलेला नसेल तर पाटीवरचे तांबे उखडण्याचा धोका असतो. अशा कीबोर्डला चटई, तारा आणि कड्या एवढ्यावरच थांबणे शहाणपणाचे. हमी चालू असेल तर उघडल्यावर ती राहते का, हेही आधी पाहावे.

पाचवा उपाय, स्विचच बदलणे. चेरीने २०१६ च्या सुमारास ‘सायलेंट’ जातीचे एमएक्स स्विच बाजारात आणले. त्यांच्या दट्ट्याला खाली आणि वर दोन्हीकडे रबराच्या गाद्या असतात, म्हणून जातानाचा आणि येतानाचा असे दोन्ही ठोके मऊ होतात. गाद्यांच्या जाडीमुळे प्रवास ४ ऐवजी ३.७ मिलिमीटरचा होतो. खोचायचे स्विच असलेल्या कीबोर्डला हा उपाय अर्ध्या तासाचा. निळ्या जातीच्या स्विचवाल्यांना तर मी हाच सुचवतो. टिक करणारी कडी ग्रीसने बोदी होते, गप्प होत नाही, आणि तिची मजाही जाते.

मऊपणाची मर्यादा

आवाजाबरोबर बोटांचे श्रमही कमी करायचे असतील तर स्प्रिंग बदलता येते. चेरीच्या लाल स्विचला अक्षर उमटवायला सुमारे ४५ ग्रॅमचा भार लागतो, काळ्याला सुमारे ६० ग्रॅमचा. आपल्या कीबोर्डला किती लागतो ते घरी मोजता येते. एका बटणावर रुपयाची लहान नाणी एकावर एक हलकेच रचत जा. ज्या नाण्याला अक्षर उमटले तिथे थांबा आणि ती चळत स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा.

पण हलके म्हणजे नेहमीच चांगले असे नाही. फार मऊ स्प्रिंग घातली तर बोट नुसते टेकवले तरी अक्षर उमटते आणि दट्ट्या वर यायला आळस करतो. त्यात ग्रीस जास्त झाले असेल तर बटण खालीच चिकटून राहते. म्हणून एका वेळी पाच-दहा ग्रॅमचाच फरक करावा, तोही आधी चार बटणांवर. त्या चार बटणांवर आठवडा काढावा. बोटे किंवा मनगट दुखत असेल, तर मात्र स्प्रिंगच्या आधी डॉक्टरांना दाखवावे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती विकणारे सांगत नाहीत. आवाज गेला की खूणही जाते. कानाला टिक ऐकू आले नाही की बोट घाबरते आणि खात्रीसाठी आणखी जोरात दाबते. मग रबर असूनही ठक होते आणि आपण म्हणतो, एवढे करून उपयोग काय? मघाशी मी निम्म्या वाटेचे २ मिलिमीटर लक्षात ठेवायला सांगितले ते यासाठी. अक्षर तिथेच उमटलेले असते, तळापर्यंत जायची गरज नसते. ज्यांना ही सवय करणे जड जाते, त्यांनी सरळ जातीपेक्षा उंचवट्याचा शांत स्विच घ्यावा. कानाला मिळणारी खूण मग बोटाला मिळते. ज्यांना रबराचे टेकणे चिखलात पाय पडल्यासारखे वाटते, त्यांनी गाद्यांच्या वाटेला न जाता नुसते वंगण आणि चटई यांवर भागवावे. आणि ज्याची खोली स्वतंत्र आहे, दार लागते, आणि टिक ऐकल्याशिवाय ज्याला लिहायला सुचत नाही, त्याने काहीच बदलू नये.

कीबोर्ड ही उघडता येणारी वस्तू आहे. मिक्सरचे वायसर बदलतो, पंख्याला तेल देतो, दाराची करकर घालवतो, तसेच हेही काम. ते करण्यापूर्वी घरातल्या ज्या माणसाची झोप मोडते त्याला एकदा विचारावे, की नेमका कोणता आवाज टोचतो? पुष्कळदा उत्तर येते, “ते शेवटचे मोठे बटण.” म्हणजे एंटर. मग तिथूनच सुरुवात करावी. आज रात्री निजानीज झाल्यावर दिवा लावून बसा, एकेक बटण सावकाश दाबा, सोडा, आणि कान द्या. कागदावर लिहून ठेवा. बाजारात काय घ्यायचे ते त्या कागदावरून ठरेल.